तिसऱ्या प्रतीतलं टिंब

आन्ते, तुझा फोटो मिळाला.
पंपघराच्या दारात, दातांत बॅटरी धरून काढलेला,
माझ्याच पुस्तिकेचं पान चौतीस,
आणि खाली एकच ओळ:
हे तीन आहे की आठ?

आधी हसले.
मग चष्मा पुसला, पान मोठं केलं, आणखी मोठं केलं,
आणि जितकं मोठं केलं तितकं ते विरत गेलं.
करड्या चौकोनांचा भुगा,
रेझिस्टरच्या डोक्यावर आकडा म्हणून एक डाग.
आठाची डावी कूस उघडी पडली की तीन होतो.
तेवढ्या फटीतून
उत्स्योकीच्या शाळेचं पाणी गोठलं.

ते चित्र मीच काढलं होतं. काढलं म्हणजे काय,
शुक्रवारी साडेतीनला पडद्याचा फोटो घेतला
आणि दिला पानावर चिकटवून.
काळी पार्श्वभूमी, जाळीचे ठिपके,
एका कपॅसिटरभोवतीची तुटक लाल चौकटसुद्धा तशीच.
ओउलूला तेव्हा तीनलाच अंधारत होतं.
ही सबब नव्हे.

तीस वर्षांपूर्वी याच मजल्यावर आम्ही शाईनं काढायचो.
वेइक्को नावाचा एक म्हातारा होता, नखं कायम काळी,
तो दशांशचिन्ह लिहूच देत नसे.
चार पॉइंट सात के? छे.
चार, मग के, मग सात.
टिंब मरतं, म्हणायचा, अक्षर जगतं.
कॉपीच्या कॉपीत आधी टिंब जातं,
चार पॉइंट सातचे सत्तेचाळीस होतात,
कुणी न करता ध चा मा.

म्हणून आज दार लावून बसले.
जाळी घालवली. कागद पांढरा, रेघा सगळ्या काळ्या;
रंग पडद्यालाच लखलाभ.
चित्र ठिपक्यांचं नको, रेघांचं हवं,
ज्यात रेघेला ठाऊक असतं
आपण कुठून निघालो, कुठे पोचायचंय.
ती भिंतीएवढी ताणली तरी रेघच राहते.
फॉन्ट फाइलीतच बांधून दिले,
नाहीतर तुमच्या नगरपालिकेच्या लॅपटॉपवर
ओहमच्या जागी रिकामा चौकोन.
एकाच पानात सगळं कोंबायचा मोह आवरला,
तीन पानं केली,
आणि जिथे वायर पान सोडून जाते
तिथे तिच्या मुक्कामाचं नाव लिहिलं.

दोन वायरी भेटतात तिथे टिंब.
नुसत्या ओलांडतात तिथे काही नाही.
नव्या पोरांना शिकवताना हे किती सोपं वाटतं.
माझी टिंबं सुईच्या टोकाएवढी झाली होती,
ती जाड केली. तरी वेइक्को मानेना,
म्हणून चौक मोडले, तिठे केले:
तिठ्यावर टिंब पुसलं गेलं तरी
भेट झाली हे कळतं.

मग छापलं. छापल्याची कॉपी, तिची कॉपी,
जिन्याखालच्या त्या मशीनवर
ज्याचा टोनर कायम संपत आलेला असतो.
तिसरी प्रत खिडकीशी नेली, चष्मा काढला,
हात लांब केला.
आठ आठच होता.

काल तुझा दुसरा फोटो.
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं पान,
मासे गोठवायच्या पिशवीत. बरं केलंस.
पण खाली उजवीकडे, जिथे सेन्सरची वायर
हीटरच्या वायरीवरून नुसती निघून जाते,
तिथे एक टिंब.
काळं, गोल, माझ्या टिंबांहून देखणं.

फोन केला. म्हटलं, ते माझं नाही.
तू बराच वेळ गप्प.
तुमच्याकडे तेवढं चालतं.
मागे पंपाची घरघर ऐकू येत होती.
मग म्हणालास, ग्रीस आहे. पिशवीच्या बाहेरून.
थांब.

हं. गेलं.