सातवी ओळ

ग्रोनिंगेनला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं.
रुग्णालयाच्या तळघरात, सायकलींच्या खोलीशेजारी
वित्स्के पोस्त्मा दुसऱ्यांचे प्रश्न दुरुस्त करत बसते.
माझा प्रश्न तिनं चष्मा कपाळावर सारून वाचला:
म्हातारे आणि दात आणि न्यूमोनिया.
उत्तरं नऊ.

"नऊच? जगात एवढे म्हातारे असून?"
"प्रत्येक 'आणि' म्हणजे एक उंबरठा, योरित.
तू तीन घातलेस.
म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा तरी विचार कर."

मग ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो:
दात किंवा दाढा किंवा हिरड्या किंवा कवळी,
ब्रश किंवा चूळ किंवा नुसतंच तोंड,
म्हातारे किंवा वृद्ध किंवा ज्येष्ठ
किंवा शुश्रूषागृहातले रहिवासी
किंवा जराजर्जर.
"हा शब्द आता कोण वापरतं?" मी विचारलं.
"आता कुणी नाही. पण अठ्ठ्याहत्तर सालीही माणसं खोकत होतीच ना,
फक्त वेगळ्या नावानं म्हातारी होत होती."
शब्दाची शेपटी छाटून तिनं तिथं एक तारा ठेवायला लावला,
म्हणजे मूळ तेवढं आपलं,
पुढचे प्रत्यय ज्याचे त्याला.

उत्तरं: एकेचाळीस हजार दोनशे सहा.
पहिल्याच पानावर घोड्यांचे दात.
पुढे कुठल्याशा खाणीतल्या मजुरांची फुप्फुसं.

"कंस," ती म्हणाली. एवढंच.
खरंच, सगळ्या 'किंवां'ना मी
छप्पर न देता उघड्यावर सोडलं होतं,
आणि जो तो वाट फुटेल तिकडे गेला होता.
उघडला कंस. मिटला कंस. पुन्हा उघडला.
सहाशे अकरा.

मला वाटलं, झालं. मी कोट उचलला.
"तुला आधीच माहीत असलेला एक चांगला लेख सांग."
मी सांगितला. विन्सखोटेनच्या एका परिचारिकेचा,
साडेतीन पानांचा,
ज्याच्यामुळे हा प्रश्न मुळात माझ्या डोक्यात शिरला.
तिनं सहाशे अकरांत शोधला.
नव्हता.

"जाळं कुठंतरी फाटलंय."
ओळीमागून ओळ ती बोटानं चाचपत गेली.
पहिलीत लेख होता. तिसरीत होता. सहावीत होता.
सातवीत गेला.

सातवी ओळ माझी होती, सकाळी घाईत लिहिलेली:
वगळून मुले.
बालरोगाचे लेख नकोत, वाचन कमी होईल, एवढाच हेतू.
सुक्याबरोबर ओलंही जळतं
हे कळायला मला सव्वापाच वाजले.

वित्स्केनं सारांश मोठ्यानं वाचला,
तिच्या सपाट फ्रिजियन आवाजात:
'रहिवाशांची मुले संध्याकाळी येत
आणि आईवडिलांचे दात घासून देत.'

वरच्या मजल्यावर कुणीतरी ट्रॉली ओढत नेली.

"मुलं म्हणजे," मी म्हणालो, "पन्नाशीची असतील."
"अठ्ठावन्नची," ती म्हणाली,
आणि ओळ खोडली.

आठशे त्र्याण्णव.
"दोनशे ब्याऐंशी जास्त. बरेचसे निरुपयोगी असतील.
तरी वाच. गाळायचं ते डोळ्यांनी गाळ,
त्या एका शब्दावर सोडू नकोस."
वहीत तिनं तारीख घातली, लिहिलं: ओळ ७ काढली.
कारणाच्या रकान्यात पेन थोडा वेळ टेकवून ठेवलं.
शाईचा ठिपका पडला. तोच राहू दिला.

मग तिनं पिशवी उचलली.
आत मऊ दातांचा निळा ब्रश,
डब्याच्या झाकणाला रबरानं बांधलेला.
"जाते. सहानंतर बाबा तोंड उघडत नाहीत."

मी पहिला लेख उघडला.
दुधाचे दात.
पुढचा.