समोच्च रेषा

धुळ्याच्या भूमापन कचेरीत एकोणतीस वर्षं
मी सातपुडा काढला,
बसून.
ट्रेसिंग कापडावर, बारीक निबनं,
वीस-वीस मीटरला एक तपकिरी रेघ.
रेघा एकमेकींना खेटल्या की चढ असतो,
हे मला पाठ होतं.
आता मांड्यांना ठाऊक झालंय.

सारंगखेड्याच्या पुलावर तापी ओलांडली तेव्हा
जत्रा उठून दोन महिने झालेले.
घोड्यांच्या खुंट्या तेवढ्या उरल्या होत्या
आणि एक रसवंतीवाला.
कॅरिअरच्या पिशव्यांकडे बघून त्यानं विचारलं
(खताच्या गोणीच्या पिशव्या, बायकोनं शिवलेल्या),
"कथा जाई ऱ्हायनात, आप्पा?"
धडगाव, म्हटलं.
"येस्टी बंद शे का?"
चालू शे, म्हटलं.
त्यानं दुसरा ग्लास फुकट दिला,
वेड्याला देतात तसा.

शहाद्यापुढे पथारीवर वाळणारी मिरची.
मैलभर लाल, मैलभर शिंका.
शिंकताना हँडल सुटतं
ही खूण कुठल्याच नकाशाच्या तळाशी नसते.

मग ऊस संपला. वस्ती संपली.
फोनच्या दांड्या एकेक करून संपल्या.
घाटात मी सायकलवर कमी,
सायकल माझ्यावर जास्त.
सागाची पानं गळत होती, ताटाएवढी,
पडताना माणसाच्या पावलासारखी वाजायची.
दहादा मागं वळून पाहिलं.
अकराव्यांदा नाही पाहिलं,
आणि तेव्हाच खरी भीती वाटली.

तोरणमाळच्या तळ्याकाठी
होते नव्हते ते कपडे अंगावर चढवून झोपलो,
हातात मोजे घालून.
पहाटे टोपीवर दव गोठलं होतं
की मला तसं वाटलं.
एकट्यानं पाहिलेल्याला साक्षीदार नसतो.

तिसऱ्या दिवशी, डांबर संपल्यावर, चेन तुटली.
ढकलत ढकलत पोचलो ते सावरपाड्यात.

पाच अक्षरं. एक ठिपका. शेजारी विहिरीची खूण.
अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात
कपाळावरचा घाम पडून शाई फुटली होती.
ब्लेड घेतलं. तिरप्या धारेनं, हळूहळू,
कापड न फाटू देता खरवडलं.
डाग गेला.
डागाखाली सावरपाडा होता, तोही गेला.
साहेबांनी सही केली.
मी विसरून गेलो.
नाही, विसरलो नव्हतो.

सोळा घरं. कुडाच्या भिंती, एका कौलावर सोलरची पाटी.
जेरमल नावाच्या पोरानं
दगड आणि खिळा घेऊन चेनची कडी सांधली,
त्याच्या आईनं, टेटीबाईनं,
मक्याची भाकर दिली, उडदाची डाळ.
डाळीत घास बुडवत मी सगळं सांगून टाकलं,
थेंब, ब्लेड, सही.
जेरमलनं पावरीत उलगडून सांगितलं.
बराच वेळ सगळे हसले.
मग टेटीबाई काहीतरी म्हणाली.
"आई विचारते," जेरमल म्हणाला,
"नकाशात नाही तर तू आलास कसा?"

मला भाकर गिळायला वेळ लागला.

सकाळी उतार.
ब्रेकचं रबर पार झिजलेलं,
रिमवर घासताना नेमका तोच आवाज,
कापडावरच्या पात्याचा.
पहिल्या वळणाला. दुसऱ्या.
पाचव्या-सहाव्या वळणाला मी दोन्ही बोटं ढिली केली
आणि डोळ्यांतलं पाणी
वाऱ्यानं कानांकडे नेलं.

धडगावात रबरं मिळाली, तीस रुपये जोडी.
बसवायला जेवून येतो म्हणाला मिस्तरी,
आला नाही तासभर.
दुकानाच्या पायरीवर बसून
बोटानं धुळीत एक रेघ ओढली,
तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी,
आणि बघत राहिलो
आत सोळा घरं मावतात का.