माल : ऊन

सावर्ड्याच्या काट्यावर मी एकवीस वर्षं बसलो.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
पावतीचं पांढरं पान चालकाला, गुलाबी कंपनीला,
पिवळं माझ्यापाशी.
खाण बंद पडली तेव्हा कोऱ्या पावत्यांची दोन बुकं
माझ्या पिशवीतून घरी आली.
चोरी म्हणायची तर म्हणा.

आता भाचा म्हणतो, मामा, परत खाण सुरू करू.
कुठं?
न्हाणीमागच्या खोलीत.

तन्वेशनं बंगळूरहून जुनं यंत्र आणलं,
बुटांच्या खोक्याएवढं.
वजन पावणेसहा किलो. (मी लगेच केलं.)
गच्चीवर चार पाट्या बसल्या, तोंडं दक्षिणेला,
बरोब्बर तिथं, जिथं उमावती दर एप्रिलात
सोलं वाळत घालायची.
ती काही बोलली नाही.
टोपली उचलून खाली गेली,
आणि तीन दिवस हुमणात सोल पडलं नाही.

दहाच्या सुमारास ऊन सांतानच्या माडाआडून सुटतं
आणि यंत्र उठतं.
आवाज म्हणजे, चढावर पहिल्या गियरात
अडकलेला दहाचाकी.
पहिल्या दिवशी आवाठातली कुत्री
थेट देवळाच्या तळीपर्यंत पळाली.
कुंपणावरून सांतान ओरडतो, आत चाललंय काय?
आकडा शोधतोय, मी ओरडतो.
जगभरची यंत्रं एकच आकडा शोधतात,
ज्याला आधी सापडेल त्याचं नाणं.
सांतान डोळे बारीक करतो.
मटका?
मटका नव्हे रे.
थोडा वेळ जातो. मग हळूच,
ओपन की क्लोज?

संध्याकाळी तन्वेश मोबाइल दाखवतो.
शून्य, टिंब, पाच शून्यं,
आणि मग कुठं एकशे त्रेचाळीस.
म्हणजे किती?
पदेराकडचे दोन उंडे, मामा. फार तर अडीच.

मी टनांचा माणूस.
माझ्या खिडकीसमोरून एक डोंगर गेला,
दहा-दहा टनांनी, बार्जीत बसून, समुद्रापलीकडं,
आणि प्रत्येक खेपेखाली माझी सही आहे.
दोन उंड्यांसाठी कुठली पावती फाडू?

ढग येतो तेव्हा यंत्र मान टाकतं.
पंखा थांबतो, कान मोकळे होतात,
आणि बायपासवरनं एखादी जड गाडी गेली
की मी खुर्चीतून अर्धा उठलेला असतो,
खिडकी नसलेल्या भिंतीकडं हात करून.
उमावतीनं हे पाहिलंय. तेही ती बोलली नाही.

ती बोलली सातव्या दिवशी.
बंद करा हे, असं सांगायला आली
आणि यंत्राच्या पाठीमागं उभी राहिली.
पदर फडफडला.
तिनं तळहात पुढं धरला, चुलीवर धरतात तसा,
बराच वेळ.
मग विचारलं, हे असं रोज असतं?

दुसऱ्या दिवशी खोलीत बांबूच्या तीन दाळ्या,
एकीवर एक, मध्ये विटा.
तांबडी सोलं यंत्राच्या उच्छ्वासात पसरलेली.
तन्वेश घाबरला, रस आत जाईल म्हणाला,
तिनं त्याला बाहेर काढला.
आता खोलीला आंबट वास येतो,
आणि तिन्हीसांजेला माझ्या बनियनलाही.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातला काटा मांडला.
ओलं वजन : नऊ किलो दोनशे.
सुकं वजन : दोन किलो साठ ग्रॅम.
वजाबाकी मी तोंडी केली, हात कापत होता तरी.
कुडचड्याच्या बाजारात काय भाव मिळाला
ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.
हुमण मात्र आंबट आहे.

रात्री जुनं बुक काढलं.
गाडी क्रमांक : रेघ.
माल : ऊन.
कुठून : वरून. कुठं : माहीत नाही.
एकशे त्रेचाळीस एका ओळीत, सोलं दुसऱ्या ओळीत.
खाली सही केली, तीच, वळणासकट.
पांढरं पान उमावतीच्या डब्यात ठेवलं,
पिवळं माझ्यापाशी.
गुलाबी हातात धरून बसलोय.
कंपनी कोण, ते ठरायचं आहे.