दोन सूत

पापाच्या तिकटीला दुकान. अब्बांची लोखंडी पट्टी,
पहिला इंच घासून घासून कोरा झालेला,
म्हणून आम्ही एकापासून मोजतो
आणि शेवटी एक वजा करतो.
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

आदगोंडा आले. पिशवीत टॉवेल, टॉवेलात पणजोबा.
कॅबिनेट, म्हटलं मी. सव्वाचार बाय साडेसहा.
त्याच्या आधीचे यायचे अडीच बाय चार,
कुणाकडं गेलं की ठेवून यायचे म्हणे, आलो होतो म्हणून.
अडीच इंचांत अख्खा माणूस,
पागोट्यासकट.
हा पुठ्ठा जाड. कोपरे गोल, कडेला सोन्याची रेघ.

आणि कागद अंड्याच्या पांढऱ्याचा.
तेवढं मी गिळलं.
जन्मात कांदा न शिवलेले तवनाप्पा अडते
सव्वाशे वर्षं बसलेत त्या पांढऱ्यावर
गुळाच्या भावाची काळजी करत.

पण मापात बसेनात.
उंची साडेसहा, बरोबर.
रुंदी तीन इंच तीन सूत.
सात सूत गेले कुठं?
उजवे कोपरे गोल, डावे टोकदार.
डावी कड स्टुडिओची नव्हे, घरातल्या कात्रीची,
मधे एकदा थांबलेली
आणि मग जोरात निघालेली.
खाली स्टुडिओचं नाव त्यात गेलं,
'कोल्हापूर' तेवढं राहिलं.

आणि खांद्यावर चार बोटं.
करंगळीत अंगठी.
मनगट नाही.

"माउंट जरा आत घ्या," आदगोंडा म्हणाले,
"दोन सूत. बोटं झाकली की झालं."
कुणाची?
"काय की. आमच्यात कुणी बोलत न्हाई."

दोन सूत म्हणजे पाव इंच.
पाव इंचात एक बाई जाते,
आमच्या धंद्यात हे रोजचं.

रात्री शटर अर्धं ओढून ब्लेड घेतलं.
एकापासून मोजलं.
चारी बाजू कापल्या. आणि वजा करायचा तो एक
राहिला.

सकाळी खिडकी इंचभर मोठी.
आत पुठ्ठा सगळा, वाकडी कड, बोटं,
आणि डावीकडं पांढरी जागा, जरा जास्तच.

"मोठं झालं की ओ."
पट्टी जुनी हाय, म्हटलं.
काचेवर त्यांचाच चेहरा येत होता, म्हणून त्यांनी फ्रेम कलती केली,
पुन्हा कलती केली.
पैसे दिले, घासाघीस नाही.

टॉवेल इथंच राहिलाय.