जमीन इथपर्यंत होती

काळ्या स्प्रूसच्या बुंध्याशी गुडघे टेकून
मेडलिन मुळं शोधते.
हवेत लोंबणारी, दोऱ्यासारखी, करपलेली.
गेल्या उन्हाळ्यापर्यंत ती शेवाळात होती.
सर्वांत वरच्या मुळावर बोट ठेवून म्हणते,
जमीन इथपर्यंत होती.
मग पट्टी खाली सोडते, राखेपर्यंत.
सतरा सेंटिमीटर.
मी वहीत लिहिते, सतरा.

आठव्या झाडाशी मी विचारते,
सतरा म्हणजे किती वर्षं गं?
ती पट्टीवरची काजळी पँटला पुसते.
तुझी खापरपणजी बाळाच्या पिशवीत
जे शेवाळ वाळवून भरायची ना,
त्याच्याही खालचं.

इझिडोर मामा म्हणतो, पूर्वी आग पाहुणी असायची.
शंभर वर्षांनी एकदा यायची,
वरवरचं खायची,
राळेने मिटलेले शंकू तिच्याच धगीने उकलायचे
आणि ती गेल्यावर काळ्या जमिनीत
स्प्रूसच्याच बिया पडायच्या.
पुढच्या वर्षी मोरेल, मग झुडपं,
मग सशांच्या मागून लिंक्स.
झाडं उभ्याउभ्या मेलेली, तरी वीसतीस वर्षं
हळूहळू श्वास सोडत राहायची.
तोवर खाली शेवाळावर शेवाळ चढत असे,
थंडीत काही कुजायचंच नाही.
व्याज जळायचं.
मुद्दल ओलं, गार, अंधारात पडून राहायचं
आणि शंभर वर्षांत वाढायचं.

(हे मुद्दल, व्याज माझे शब्द.
मामाचे नव्हेत. त्याने कधी बँकेत पैसे ठेवले नाहीत.
तो म्हणाला, जमीन जाड होत जायची, बस.)

ओढ्यापलीकडे दुसरा तुकडा.
तिथे मी सातवीत असताना एकदा जळलं होतं,
आणि आता परत.
एकोणीस वर्षांची झाडं,
शंकू नुकते कुठे धरू लागलेले.
मेडलिनने पट्टी रोवली
आणि ती दगडावर वाजली. टक्.
तिने ती एक हात सरकवून पुन्हा रोवली.
टक्.
कितीतरी वेळ आम्ही दोघी
त्या आवाजाकडे बघत राहिलो.

इथे काय लिहू?
ती बोलली नाही. मी रकाना कोरा ठेवला.
नंतर ऑफिसात कुणीतरी त्यात शून्य भरलं.

जानेवारीत मामाला बर्फातून वाफ दिसली होती.
स्नोमोबाइल बंद करून तो वाऱ्याच्या उलट्या बाजूने गेला,
वाटलं, अस्वल झोपलंय, त्याचा श्वास.
वास धुराचा होता.
सप्टेंबरात विझलेली म्हणून नोंदवलेली आग
पीटमध्ये कूस बदलत होती,
झाडांहून म्हाताऱ्या गोष्टी चघळत.

आता त्या तुकड्यात ॲस्पेन आलाय,
बोटभर रोपं, पानं सारखी हलणारी.
वाढतील भराभर, मेडलिन सांगते,
खोडांत पुष्कळ साठवतील,
आणि ओलसर असल्यामुळे लवकर पेटणारही नाहीत.
हेही जंगलच, ती म्हणते,
फक्त ह्याचा ऐवज अंगावर असतो, तळघरात नाही.
मला ते पटतं.
मला ते पटलेलं आवडत नाही.

नमुन्यांचे डबे बंद करून
आम्ही मामाच्या नव्या तंबूवर आलो.
जुन्या केबिनची नुसती चूल उरली आहे, ती त्याने बाहेर मांडलीय,
तिच्यावरच चहा होता.
किती आलं, त्याने विचारलं.
सतरा, मी म्हटलं. ओढ्याच्या अलीकडे.
त्याने कप खाली ठेवला
आणि हात उताणा न करता, पालथा,
जमिनीपासून तेवढ्या उंचीवर धरला,
तान्हं मूल केवढं होतं ते दाखवावं तसा.

मग तो हात कुठे ठेवावा
हे त्याला काही वेळ कळेना.