तीनदा टकटक

सोमवारी वरून कागद आला:
जेवण आता खालीच, सगळ्यांचं एकत्र.
मी आणि व्हर्नेल गुडघ्यांवर बसून
फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्या खरवडत राहिलो
लोणी लावायच्या सुऱ्यांनी.
पट्ट्या निघाल्या. डिंक नाही निघाला.
त्यावर धूळ बसून आता
सहा सहा फुटांवर काळे चौकोन दिसतात.

टेबलांमधले प्लास्टिकचे पडदे मागच्या अंगणात नेले.
टोलीडोत अजून थंडी आहे,
त्यांच्याखाली मुळ्याचं बी टाकतो म्हणाला व्हर्नेल.

दोन वर्षं आम्ही ताटं दाराशी ठेवली.
तीनदा टकटक, मग मागे सरायचं,
मग दार किलकिलं व्हायचं, एक हात यायचा.
चेहरे मला ठाऊक नव्हते,
हात मात्र सगळे ओळखायचे मी.
म्हणून आज मिसेस ओडेलना विचारलं, नवीन आलात का?
वाटी घेताना मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसला,
तेव्हा कुठे कळलं.

खोली सातचा ऑगी, वय चार,
ताट घेऊन जिन्याकडे निघाला.
"जेवण दारात येतं," म्हणाला,
अडाण्याला समजवावं तसं.
त्याची आई ओशाळली, ओढू लागली त्याला.

मी टेबलावर तीनदा टकटक केलं
आणि मागे सरले.

तो वळला. खुर्चीवर चढला.
घास तसाच हातात ठेवून
शेजारच्या मुलीचं चावणं ऐकत राहिला,
इतक्या जवळून.

वर अजून दोन दारं बंद आहेत.
त्यांची ताटं झाकून ठेवलीत.