दार लागत नाही

अक्कलकोट रोडला माझं शेड.
बाहेर पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहिलंय:
चासी सरळ करून मिळेल.
बत्तीस वर्षं तेवढंच करतोय.

शिवशरण म्हमाणेनं नवी पिकअप आणली तेव्हा
मी खाली आडवा झालो, बॅटरी मारली
आणि हसलो.
"मालक, हिला चासीच नाही."
"म्हणजे काय बे?"
"म्हणजे अंग तेच हाड.
कातडं सोललं तर आत कुणी नाही."

गाडी मात्र गुळगुळीत. पोटातलं पाणी हलत नव्हतं.
होटगीपर्यंत जाऊन आलो तिच्यात, एसी लावून.
कबूल करतो, आवडली.

अकरा महिने ती मुळेगावकडच्या खाणीत
डिझेलचे बॅरल, ड्रिलच्या कांबी, कामगारांचे डबे नेत राहिली.
तिथला रस्ता म्हणजे कालच्या सुरुंगाचं उरलंसुरलं.
एक चाक खड्ड्यात, तिरप्या कोपऱ्यातलं दगडावर,
बाकीची दोन अधांतरी, एकमेकांकडे बघत.
अशा जागी जुना ट्रक पिळतो.
ओल्या चादरीसारखा पिळतो,
केबिन झुकते एकीकडे, हौदा दुसरीकडे,
मधल्या फटीतून आभाळ दिसतं,
आणि चार हात पुढं गेलं की सगळं आपापल्या जागी.
हिला पिळायला फटच ठेवलेली नाही.

"दार लागंना बे मौलाली."
मी बिजागरीला हातही लावला नाही.
केबिन हौद्याला मिळते तिथं, रंगाखाली,
केसाएवढी रेघ.
बोटाला लागत नव्हती, नखाला लागली.
"मार की वेल्डिंग."
"मारतो. पण ओढून सरळ करायचं तर
साखळी बांधू कशाला?"
आणि समोर उभ्या नरसय्या येमूलच्या ट्रककडे बोट केलं.
सत्तावीस वर्षांचा. चारदा माझ्या हाताखालून गेलेला.
"गाडी असावी तर अशी," म्हणालो,
जरा मोठ्यानंच.

मे महिना. रात्री साडेदहालाही पत्रा हाताला चटका देत होता.
फोन आला: नरसय्याचा ट्रक खाणीच्या चढावर बसला,
पाय अडकलाय.
शिवशरणनं गाडी काढली. दार लागेना, तर
टॉवेलनं बांधून घेतलं, गाठ माझ्या हातात.
मागं गॅसकटर, सिलिंडर, पाण्याचा कॅन.

चासी मधोमध मोडली होती.
बॅटरीच्या उजेडात मी जोड शोधला.
जोड शाबूत होता. माझाच, दोन दिवाळ्यांपूर्वीचा,
माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा.
मोडलं होतं दोन बोटं अलीकडे,
जिथं माझ्या आगीनं लोखंड मऊ केलेलं.
वेल्ड तुटत नाही, त्याच्या शेजारचं तुटतं.
माहीत होतं मला. या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

पेटवलं. कापलं.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चासी कापली
माणूस बाहेर काढायला.

त्याला हौद्यात झोपवून आम्ही तोच रस्ता उलटा उतरलो.
प्रत्येक दगडाला ती रेघ कण्हत होती,
मला ऐकू येत होतं, शिवशरणलाही.
दोघंही बोललो नाही.
टॉवेल इतका ओढून धरला होता
की सिव्हिलच्या दारात बोटं उघडेनात.

परवा नरसय्या आला, प्लॅस्टर घालून, रिक्षातून.
म्हणाला, "आता कसली घेऊ सांग.
चासीवाली की बिनचासीची?"
मी हातोडी घेऊन उगाच एका कांबीवर वाजवत बसलो,
कान लावून, जणू तीच सांगणार आहे.
जोड कुणाचा होता, हे त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
चहा मागवला. त्याच्या कपात साखर जास्त घालायला सांगितली.

शिवशरणची गाडी अजून फिरतेय.
दाराला तोच टॉवेल, कडेला काळा पडलेला.
दुरुस्तीला आण म्हटलं,
तर म्हणतो, आणतो की.